खाणीतला हिंगाचा वास

कुणी अंगात येण्याच्या, दिसण्या-भासण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई. या सदरातले अनुभवसुद्धा इतकी वर्षं मी हसायला म्हणून वाचत आले. त्यामुळे स्वतःचा लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते माझ्याच हाताला. आता हसणार कुणाला?

गोष्ट दोन हजार एकच्या जुलैमधली. आम्ही शारजाला रोलामध्ये राहायचो. चौथा मजला, दोन खोल्या — हे, मी आणि आठ वर्षांची सई. माझा धाकटा दीर सुहास आणि त्याची बायको मेधा अजमानला, गाडीने पंधरा मिनिटांवर. सुहासला ऑफिसने ट्रेनिंगसाठी प्रागला पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यानेच फोन केला, "वहिनी, आपण सगळेच जाऊ या की! सईलाही सुट्टी आहे."

मग काय विचारता! मी ट्रॅव्हल एजन्सीतून रंगीत पुस्तिका आणल्या आणि पाठच केल्या. प्रागपासून रेल्वेने तासाभरावर एक जुनं गाव आहे, चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं. त्याचं नाव मेधाला छान उच्चारता येतं, मला अजून येत नाही, म्हणून लिहीत नाही. पण ते गाव शोधलं मी. मेधाला स्वित्झर्लंडच हवं होतं, बर्फात फोटो काढायला. माझ्या या गावात माणसांच्या हाडांचं झुंबर टांगलेलं छोटं चर्च, भिंतींवर खाणकामगारांची चित्रं असलेलं मोठं चर्च, राजाची नाणी पाडायची ती टांकसाळ — आणि खाणीचं म्युझियम. तिथे म्हणे पांढरा डगला, हेल्मेट आणि हातात दिवा देऊन खरोखरच्या जुन्या खाणीत उतरवतात. मी वहीच्या पानावर यादी केली आणि खाणीपुढे लाल पेनने दोन चांदण्या काढल्या.

आणि माशी शिंकली. त्या काळी बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीत जमा असायचे, तसा यांचाही होता. यांच्या कंपनीत पासपोर्ट-व्हिसाची कामं बघणारा माणूस तिजोरीची किल्ली खिशात घालून सुट्टीवर गेला. हे रोज विचारायचे, उत्तर रोज एकच, "इन्शाल्ला, सॅटरडे." असे तीन शनिवार गेले. व्हिसाला अर्ज करायची वेळच टळली. खलास.

मेधा निरोप घ्यायला आली. "वहिनी, तुमची यादी द्या ना. तुमच्या वतीने सगळं बघून येते."

मी हसत हसत दिली. वर प्रवासाला बेसनाचे लाडू बांधून दिले. आतून मात्र नुसती जळत होते. लपवून काय करू? तिच्या नव्या कोटाचा हेवा वाटला, तिच्या इंग्रजीचा वाटला, सुहास तिची बॅग उचलतो त्याचासुद्धा वाटला. आमच्या यांना स्वतःचा ओला टॉवेल उचलायचं सुचत नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिचा तिकडून फोन आला. सुहासला ट्रेनिंग असल्याने ती एकटीच त्या गावी जाणार होती. "वहिनी, उद्या अकराला खाणीत उतरणार. तुमच्या दोन चांदण्या!"

तिथले अकरा म्हणजे आमच्या शारजातला दुपारचा एक. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. मी वरणाला फोडणी करत होते. मोहरी तडतडली, हिंगाची चिमूट टाकली आणि नजर घड्याळाकडे गेली. बरोबर एक. माझ्या खाणीत ही बया माझी यादी घेऊन उतरली असेल! मनात आलं — मनात कसलं, तोंडातूनच निघालं, "एक पाऊल टाकता येऊ नये हिला. बसू दे अडकून तिथेच."

आणि माझा उजवा हात गार पडला.

जुलैमधलं शारजा, स्वयंपाकघरात एसी नाही, समोर गॅस पेटलेला, आणि हात मनगटापर्यंत बर्फ! मूठ आपोआप आवळली गेली. मुठीत काहीच नव्हतं, तरी मला जाडंभरडं, दमट कापड लागत होतं... आणि ते कापड ओढ घेत होतं. कुणीही घाबरून सोडलं असतं. मी आणखी घट्ट धरलं. खरं सांगते, सोडावंसंच वाटलं नाही.

सई पाणी प्यायला आली आणि ओरडली, "मम्मा, ओपन युअर हँड! पप्पा, कम फास्ट!" हे धावत आले, गॅस बंद केला, माझी बोटं सोडवायला लागले. "अगं, वारंबिरं गेलं की काय?" एक बोट हललं नाही. दोन-तीन मिनिटांनी मूठ आपली आपण उघडली. तळव्यावर कापडाच्या विणीचा ठसा होता आणि नखांत राखाडी, ओली माती. हे म्हणाले, कुंडीतली असेल. आमच्या घरात एकही कुंडी नव्हती.

पंधरा दिवसांनी दोघं फोटोंचे अल्बम घेऊन आले. मी चिवडा भरत असताना मेधा आत आली आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, तुम्हाला खोटं वाटेल. खाणीत पूर्वी केवढा काळोख असायचा ते दाखवायला गाइडने सगळ्यांचे दिवे विझवले. जागचं हलू नका म्हणाली. पण मला गरगरायला लागलं, म्हणून भिंतीला टेकायला बाजूला पाऊल टाकलं... तर मागून कुणीतरी माझा डगला धरला. दंडाजवळ, गच्च. मला हलताच येईना. दिवे लागले तेव्हा बघते तर बाजूला भिंत नाहीच, खाली उतरणाऱ्या उभ्या पायऱ्या! आणि मागे कुणी नव्हतं, वहिनी. मी रांगेत शेवटची होते."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"आणि हिंगाचा वास आला. त्या खाणीत! तुमच्या हाताला येतो ना, तसा." तिने माझा तोच हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. "तिसरा महिना लागलाय. अजून आईलाही सांगितलं नाही. तुम्ही आम्हा दोघांना वाचवलंत."

मी रडायला लागले. तिला वाटलं, आनंदाने.

मुलगा झाला. बारशाला तिने ही हकीकत जमलेल्या सगळ्या बायकांना सांगितली, दर वाढदिवसाला पोराला पहिला नमस्कार मला करायला लावला. "काकूंनी धरलं म्हणून तू आहेस." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि मला धरणीने पोटात घ्यावंसं वाटायचं. मी काय म्हणाले होते ते कुणालाच माहीत नव्हतं.

पोरगा चार वर्षांचा झाला आणि ते अजमान सोडून कायमचे पुण्याला निघाले. मी सामान बांधायला गेले होते. खोक्यांच्या त्या पसाऱ्यात मला राहवलं नाही. फोडणी, घड्याळ, तोंडातून निघालेले शब्द — सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हिने तोंड फिरवलं तरी चालेल.

मेधा खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"तो हात रागाचा होता ते. डगला होता तरी दंडावर चार नखांचे वण उठले होते, आठवडाभर. माया करणारं माणूस असं धरतं का, वहिनी?"

"मग गावभर माझी आरती का ओवाळत फिरलीस?"

"राग होता, तरी सोडलं नाहीत ना तुम्ही." तिने दाताने पट्टी तोडली. "धरा हे इकडून जरा."

मी खोकं धरलं.

तेव्हा हात दाखवला होता, तर डॉक्टर म्हणाले, हाताला गोळा आला असेल. हे अजूनही कुंडीचं पालुपद लावतात. माझा हात तिथे कसा पोचला, नखांत ती माती कुठून आली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही आणि आता मिळेलसं वाटतही नाही. पण मेधा ते बोलली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगून टाकते — एवढं मोठं मन देवाने हिलाच का दिलं? मला का नाही?