चीफ इंजिनियरचा ट्रॅक्टर

गल्लीत त्यांना सगळे 'चीफ इंजिनियर' म्हणत, आणि त्यात टोमणा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. उभा जन्म कापडाच्या दुकानात कापड मोजण्यात गेला होता. म्हातारपणी त्यांनी घरामागच्या हिरवळीसाठी गवत कापायचा छोटा, जुना ट्रॅक्टर घेतला. तो किल्लीने काही सुरू होत नसे. मग चीफ इंजिनियर बाह्या सरसावून यायचे, बॅटरीच्या आसपास पान्ह्याने चार टोले हाणायचे, आणि इंजिन धडधडलं की गड सर केल्यासारखे सगळ्यांकडे बघायचे.

"हाताला गुण असावा लागतो," असं वर ऐकवायचे.

एकदा ते दाढी करायला बाहेर गेले असताना सुनेने बॅटरी उचलून पाहिली. खाली अर्थिंगची वायर गंजून लोंबत होती. तिने वायरचं टोक घासलं, नट आवळला आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर निमूटपणे सुरू झाला.

परत आल्यावर सासऱ्यांचं तोंड कडू झालं. "असा सुरू व्हायला लागला तर कोणीही चालवेल!"

"तेच तर, बाबा."

पुढच्या रविवारी पाहुण्यांसमोर ट्रॅक्टरने पुन्हा मान टाकली. चीफ इंजिनियर पान्हा घेऊन तयारच होते. सुनेने वाकून पाहिलं, तर नटच गायब! बाबांच्या शर्टाच्या खिशाला मात्र ग्रीसचा ताजा डाग होता. डब्यातला दुसरा नट तिने बसवला आणि किल्ली सासूबाईंच्या हातात दिली.

जन्मात सायकलही न चालवलेल्या सासूबाईंनी अख्खी हिरवळ कापली. चीफ इंजिनियर कठड्याशी उभे राहून ओरडत होते, "अगं, गिअर बघ, गिअर!"

इंजिनाच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.