विहीणबाईंचा अडलेला घास

पाचेक वर्षांपूर्वीपर्यंत पुण्याहून येताना मी मेतकुटाशेजारी ॲसिडिटीच्या कॅप्सूलच्या पट्ट्या भरून आणायचे आणि इथे परदेशात, लेकीच्या गुंगालिन उपनगरभर वाटायचे. मराठी मंडळाच्या जेवणानंतर लोक हात पुढे करायचे, "मावशी, तुमची ती गोळी." समोर गरोदर बाई असो की किडनीचा पेशंट, मी काही विचारायचे नाही. पदवी नव्हती, तोरा मात्र होता. आज तेव्हाची मी मला भेटले तर तिची पर्स हिसकावून घेईन.

पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, ठाण्याहून सहा महिन्यांसाठी लेकीच्या घरी आल्या. स्वयंपाक माझ्याकडे. त्या पोळीचा चतकोर चहात बुडवून खायच्या, बाकीचं ताटात. मला ते फार लागायचं. लग्नात मानपानात आमचं काहीतरी राहिलं, त्याचा हा राग, असं मी ठरवूनच टाकलं. लेक म्हणाली, आई, तू कायच्या काय बोलतेस. पण मुलीच्या आईला विहिणीच्या ताटात उरलेलं बरोबर दिसतं.

मग एकदा त्या म्हणाल्या, छातीत जळजळतं. मी खूशच झाले, हा तर माझा प्रांत! रोज सकाळी कॅप्सूल सुरू केली. जळजळ थांबली, ताट तसंच राहिलं. त्यांचे ब्लाऊज ढगळ दिसायला लागले, तर मी म्हटलं, बघा, हवा मानवली तुम्हाला.

पट्ट्या संपल्यावर मी केमिस्टकडे गेले. काउंटरवरची फार्मासिस्ट माझ्या नातीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. कोणासाठी हवंय, तिने विचारलं. मी ठोकून दिलं, माझ्यासाठी. विहिणीचं दुखणं परक्याला कशाला सांगा? दुसरी औषधं चालू आहेत का? शी काळी होते का? उलटीत रक्त? मी आपली नो, नो म्हणत सुटले. मग तिने गळ्यापासून छातीपर्यंत हळूच बोट नेलं.

"घास मध्येच अडतो का? प्रयत्न न करता वजन उतरलंय?"

 दोन महिने मी ज्याला रुसवा म्हणत होते, ते या पोरीने माणूस न बघता दोन प्रश्नांत ओळखलं होतं.

मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. खोका तिने मागे ठेवला. बहुतेक मोठ्या माणसांना हे औषध थोडे दिवस बिनधास्त चालतं, म्हणाली, पण घास अडत असेल, वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टर. औषधाने जळजळ निवते आणि आत काय चाललंय ते झाकलं जातं.

"आजच फोन करा," ती म्हणाली.

घरी येऊन मी विहीणबाईंना विचारलं, "अहो, घास अडतो हे सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, माझ्या हातचं आवडत नाही."

अगदी तसंच म्हणाले असते.

डॉक्टरांनी घशातून कॅमेरा घालून पाहिलं तेव्हा कळलं, वर्षानुवर्षं ॲसिडने भाजून अन्ननलिका आक्रसली होती. फुग्याने ती रुंद केली आणि एक कण तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी विहीणबाईंकडे धड बघू शकत नव्हते. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा जवळजवळ तीच कॅप्सूल दिली, पण आता देणाऱ्याला काय, किती आणि का हे माहीत होतं.

डॉक्टरांनी मला अन्ननलिकेचा आतला फोटो दाखवला. ओला, गुलाबी, शिंपल्याच्या पोटासारखा. साठ-सत्तर वर्षं तिखट, कढत, काय वाट्टेल ते मी ज्या वाटेने ढकललं, ती इतकी नाजूक असते? मी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

थोड्या दिवसांनी विहीणबाईंनी आमटीभात कालवला. मी समोर बसून त्यांच्या गळ्याकडे टक लावली होती. लाजच नव्हती मला. घास आत गेला. त्यांनी छातीवर हात ठेवला, वाट पाहिली.

"गेला," त्या म्हणाल्या.

 रोज शंभर वेळा होणारी गोष्ट, आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

दुसरा घास खाऊन त्या म्हणाल्या, आमटीत मीठ कमी आहे.

मी मुकाट्याने उठले आणि मीठ आणलं.