विमानाच्या खिडक्या

घर वर्षात बांधून होतं, पण त्याचे किस्से जन्मभर पुरतात. आमच्या माधवनगरच्या घराचे तर पाहुण्यांना चहाआधी मिळतात. सगळे हसतात, मीही हसते. खिडक्यांचा विषय निघाला की मात्र मी हळूच उठून कपबशा विसळायला जाते.

*

माझं लग्न झालं तेव्हा घर जोत्यापर्यंत आलं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांच्या ओळखीचे चाँद मिस्त्री लढाईत विमानं दुरुस्त करायचे. लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या विमानाचं ॲल्युमिनियम मिस्त्रींनी मिळवलं आणि त्याची खिडकीची एक चौकट नमुना म्हणून आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर आणून टेकवली.

"सुभेदारसाहेब, गंजणार न्हाई, कुजणार न्हाई. फकस्त वाऱ्यात उडाली तर माझ्या नावानं वरडू नका."

*

शेजारच्या काकू नमुना बघायला आल्या. आरपार बघून म्हणाल्या, "आन् गज कुठं हायत? ह्यातनं चोरानं यायचं का पाव्हण्यानं?"

सासूबाई म्हणाल्या, "चोर परवडला. जेवायला तरी थांबत न्हाई."

*

दिवाळीला आष्ट्याला माहेरी गेले. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला बांधावर नेऊन साग दाखवला. साग कसला, बुंधाच उरला होता.

"सहा चौकटी हुत्यात. तुझ्या घराच्या खिडक्या माझ्याकडनं. सासऱ्यांच्या कानावर घाल तेवढं."

आई म्हणाली, "तुझ्या वडलांना आता बांधावर जेवायला छत्री न्यावी लागंल."

मी सासरी सांगते म्हणाले. परत आल्यावर मी ते सांगणं रोज उद्यावर ढकलत राहिले. मामंजींसमोर तोंड उघडायचं म्हणजे नव्या सुनेला केवढं काम!

*

नमुन्यावर सगळ्यांच्या बोटांचे ठसे पडले, म्हणून सासूबाईंनी चौकट मला घासायला दिली. माहेरी सगळी पितळेची भांडी. मी पितळेसारखीच राख लावून चांगली खसाखसा घासली. चौकट काळवंडली.

धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, आष्ट्यात असली भांडी न्हाईत व्हय? का तिथं अजून पत्रावळीच?"

घर हसलं. हेसुद्धा हसले, पाठ फिरवून.

*

अखेर मामंजींनी ओसरीवर सगळ्यांना बसवलं. वखारीतला साग का ॲल्युमिनियम? पलटणीत कोर्ट बसलं की सगळ्यात ज्युनियर माणूस आधी मत देतो. वरिष्ठाचं बघून त्यानं मान डोलवू नये, म्हणून. आमच्या घरात सगळ्यात ज्युनियर मी.

"सूनबाई, बोला."

त्या घरात सुनेला मत विचारल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. आबांचा साग अगदी जिभेवर आला होता. समोर नणंद हसू ओठांत दाबून बसली होती.

"ॲल्युमिनियम," मी म्हणाले.

"शाबास! नव्या काळाची सून हाय," मामंजी म्हणाले. मग त्यांचं बघून सगळ्यांनीच माना डोलवल्या.

आबांना पत्र लिहायचं ठरवलं. तेही उद्यावर गेलं.

*

वास्तुशांतीला आबा बैलगाडी घेऊन आले. गाडीत घोंगड्यांखाली काहीतरी दोरखंडानं घट्ट बांधलेलं. उतरले ते थेट खिडकीशी गेले. सासूबाईंनी चौकटीला लावलेलं कुंकू त्या गुळगुळीत धातूवरून ओघळून खाली आलं होतं.

"सूनबाईचीच पसंती बरं का, पाव्हणं," मामंजी कौतुकानं म्हणाले. "सगळ्यात आधी तीच बोलली."

आबांनी चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. माझ्याकडं बघितलं. मी पायाचा अंगठा बघत होते.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "वाळवी लागायची न्हाई."

सासूबाईंनी विचारलं, "आवं, गाडीत काय आणलंया एवढं?"

"वैरण हाय, बैलांची."

जेवणं झाली. आहेराचं लुगडं माझ्या हातात देऊन आबा निघाले. मामंजींनी आमच्या गोठ्यातल्या कडब्याच्या दोन पेंढ्या मला बैलांपुढं टाकायला सांगितल्या. बैल सकाळपासून उपाशी असल्यागत त्यावर तुटून पडले. त्यांचं खाऊन होईपर्यंत आबा घोंगड्यांवरच्या दोरखंडाच्या गाठी पुन्हा पुन्हा आवळत राहिले.