पाण्यात गेलेल्या बाईचं दहावं

"आज नखभर सरकनी," म्हणत ते अंगठ्याचं नख माझ्या मोबाईलच्या काचेवर टेकवत. नखभर म्हणजे त्या बाईची दिवसभराची वाट.

गोडादऱ्यातल्या लूमच्या कारखान्यात मी सुपरवायझर, ते कारागीर. त्याआधी वर खान्देशात याच तापीवर नाव चालवत. पूल झाला आणि हातातलं वल्हं सुटलं. माणसं वल्हवत अख्खा अटलांटिक ओलांडतात, त्याची शर्यत असते, हे मीच त्यांना दाखवलं. नकाशावर होड्यांचे ठिपके. त्यांनी एकटीच निघालेली एक बाई धरली आणि रोज चहाला विचारू लागले, "साहेब, कठे पोचनी आपली बाई?"

"काका, काकूंना सांगू का?" पोरं चिडवायची.

"सांग ना. तीच इचारस रोज."

एकदा त्यांचं मशीन बंद राहिलं म्हणून मालकाने मला सगळ्यांसमोर झापलं. पाठोपाठ हे आले, तोच प्रश्न घेऊन. मी म्हणालो, "बुडाली."

पोरं हसली. त्यांनी चहा खाली ठेवला आणि पायातल्या चपला काढल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, एका वाक्याचं काम. खरं आहे. उद्या सांगू म्हणत मी नऊ दिवस घालवले. ते अनवाणीच कामावर येत राहिले.

दहाव्या दिवशी मला तापीकाठी घेऊन गेले. पाण्यात गेलेल्या नावाड्याचं दहावं नावाड्यानेच करायचं, ही त्यांच्या घरची रीत. पिंड मांडला. समोर कावळे बसले होते, पण एकही शिवेना. तिचा ठिपका पुढे सरकलेला मी सकाळीच पाहिला होता.

"तिनं काय ऱ्हायनं व्हई, साहेब?" ते कासावीस झाले. पिंडासमोर वाकून म्हणाले, "बाई, तुनी नाव काठले लागनी समज."

कावळे हलले नाहीत.

"तुम्ही तिले रोज देखेत. तुम्हीच सांगा."

मी पिंडापुढे हात जोडले. "माफ कर," एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तीन आठवड्यांनी ती बाई किनाऱ्याला लागली. तोवर ते काम सोडून गावी गेले होते.

दर पितृपक्षात त्यांचा फोन येतो. "आज तिनं बी पान वाढं, साहेब. तिले तिखट चालस का नही, म्हणून खीरच जास्त वाढी."

"बरं केलंत," मी म्हणतो.