आईच्या छातीतला जंतू

नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याकडे चहाला कुणी येत नाही. 'ती जंतूंचं काम करते ना!' अहो, मी जन्मात जंतू हातात घेतलेला नाही. माझ्याकडे येते ती फाइल, जंतूची सगळी जनुकं अक्षरांत मांडलेली. त्यातला रोग करणारा भाग प्रोग्राम चालवून शोधायचा, एवढंच माझं काम. रोग करण्याचे हे गुण बऱ्याचदा जंतूचे स्वतःचे नसतात, दुसऱ्या जंतूकडून उचललेले असतात, म्हणून तेवढ्या पट्ट्यात अक्षरांचं प्रमाण वेगळं पडतं. त्या पट्ट्याला आम्ही बेट म्हणतो. दिवसभर मी एकटी घरात बसून बेटं शोधते. आई तेवढी अभिमानाने सांगायची, "माझी पोरगी जंतूंची झडती घेते."

आई कुर्ल्याला भावाकडे असायची. गेल्या वर्षी न्यूमोनियाने गेली, आणि भावाने भरल्या घरात मला सुनावलं, "तुझ्यामुळे गेली. तूच आणलास तुझा तो जहाल जंतू." मी दर रविवारी आईला भेटायला जायचे, हाच काय तो पुरावा. त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. आईसाठीचं रडूसुद्धा मला एकटीलाच रडावं लागलं.

आईच्या थुंकीतून मिळालेल्या जंतूची फाइल मी डॉक्टरांच्या मागे लागून मिळवली. बेट सापडलं तर भावाला आयतंच कोलीत. नाही सापडलं, तर जंतू साधा आणि मी सुटले.

स्क्रीनवर लाल पट्टा उमटला, म्हणजे प्रोग्रामला बेट सापडलं होतं. मग हाताने एकेक जनुक तपासलं. ती प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची जनुकं होती, प्रत्येक जंतूत असतात ती. सगळ्यात जुनी, अगदी घरची. पण त्यांचीही अक्षरं वेगळी पडतात, म्हणून प्रोग्राम त्यांना हमखास परकं ठरवतो. मी पट्टा काढून टाकला. दुसरं बेट नव्हतं. मी मोठ्याने हसले, आणि सांगायला घरात कुणी नाही म्हणून लगेच रडले.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला मी कुर्ल्याला गेले. बुद्धवंदना झाली, खीर वाटली गेली. भाऊ जिन्यात एकटा सापडला.

"दादा, आईचा जंतू साधा होता रे. जहाल नव्हता. माझ्या कामाशी त्याचा काही संबंध नाही."

"साधा म्हणजे?"

"कुणाच्याही घशात असतो. लहान मुलांच्या तर जास्तच."

 त्याची नजर दारातून आत गेली, तिथे त्याची मुलगी आजीच्या फोटोपुढची फुलं सारखी करत होती. ती रोज आजीच्या कुशीत झोपायची. आई आजारी पडली त्या आठवड्यात ती खोकत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दादाचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

"मग आईला कुणाकडून...?" त्याने अगदी हळू विचारलं.

"माझ्याकडूनच असेल," मी म्हटलं. "मलाही सर्दी होती तेव्हा."

नव्हती. पण त्याने सुस्कारा सोडला.

"मला माहीतच होतं," तो म्हणाला. आणि मग वर्षभरात पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात, "जेवून जा."