तुमच्याकडं असू द्या

कोरेगावच्या एसटीत शेजारी एक वयस्क मेंढपाळ फोनवर एका बोटानं लिहीत होते. मेंढरं घेऊन कुठं मुक्काम केला, कुठल्या विहिरीचं पाणी गोड होतं, कुणाच्या शेतात धाकटी लेक जन्मली.

"फोटो नाहीत?" मी विचारलं.

"हुतं. जुन्या फोनासंगं गेलं. साधी अक्षरं कुठल्याबी फोनात उघडत्यात."

मी सहसा कुणाला नंबर देत नाही, पण त्यांनी मागितला आणि मी दिला. सगळं लिखाण माझ्या फोनात आलं.

"मला कशाला? मी तर अनोळखी."

"आमी समदी मेंढरं एका कळपात ठेवत न्हाई. रोग आला तर समदीच जायची. थोडी पावण्यांकडं असत्यात."

एवढं बोलून ते उठले आणि कंडक्टरकडं नंबर मागायला गेले.