आईच्या साडीवरच पहिला हात

मैत्रिणींनो, आज माझा हट्ट नडला. नव्या मशीनवर कापड सरकवणारे दाते खाली करून, हातानेच कापड फिरवत गोधडीवर वेलबुट्टी शिवायला शिकतेय.

लेक म्हणाली, "आई, आधी चिंध्यांवर हात बसव ना!"

"मला शिकवू नकोस," म्हटलं आणि तिच्या होणाऱ्या बाळासाठी जपलेली, माझ्या आईची उरलेली एकच सुती साडी थेट सुईखाली घेतली.

मशीन भरधाव, हात हळू. टाके एकाच जागी साचले आणि जुनं कापड फाटलं. टाके उसवायला गेले, तर भोक आणखी वाढलं.

लेक एवढंच म्हणाली, "राहू दे आई, बोरीवली स्टेशनजवळून विकतचं दुपटं आणू."

भांडली असती तर बरं झालं असतं. इतकं विरलेलं कापड कुणी वाचवलंय का? कसं, ते सांगा.